मदत हवी आहे : घरी ईव्ही चार्जर, लोड आणि अर्थिंग

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो, स्वतःचं दुमजली घर आहे. पुढच्या महिन्यात इलेक्ट्रिक कार येतेय. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन आहे, मंजूर भार ५ किलोवॅट.

कंपनीचा ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर एकटाच जवळपास ३२ अँपिअर ओढतो. त्यावर उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचा एसी, खाली दोन कूलर, पाण्याची मोटर. म्हणजे भार वाढवावाच लागेल, किंवा सरळ थ्री फेज घ्यावं लागेल. १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने रात्रभर चार्ज करणं आमच्या रोजच्या वापराला पुरेल असं मला वाटतं, पण घरातल्यांना वॉल चार्जरच हवाय. तुम्ही काय निवडलंत?

खरी काळजी अर्थिंगची आहे. घर जुनं, अर्थिंगचा खड्डाही जुनाच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडीठाक पडते नं, तेव्हा अर्थिंगचा रेझिस्टन्स (विजेला जमिनीत जाताना होणारा अडथळा) वाढतो. चार्जरसाठी वेगळं केमिकल अर्थिंग (रॉडभोवती ओल धरणारी पावडर भरतात ते) केलंय का कोणी? मे महिन्यात मोजलं तर किती ओहम आलं? इलेक्ट्रिशियन म्हणतो एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा स्विच) पुरे, पण घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) मी लावणारच.

मीटरपासून पार्किंगपर्यंत साधारण २५ मीटर वायर जाईल. ६ स्क्वेअर एमएम तांब्याची चालेल की १० घ्यावी?

आणि गाडीसाठी वेगळं मीटर घेतलेल्यांनी बिलात खरंच फरक पडतो का तेही सांगा. प्रतापनगर, खामला भागात हे काम नीट करणारा परवानाधारक ठेकेदार माहीत असेल तर कृपया मेसेज करा.