मदत हवी आहे: आधीच सही झालेल्या पीडीएफवर आवक शिक्का, पायहांको (पीडीएफवर डिजिटल सही करणारं पायथन साधन)

उबुंटू, पायथन ३, पीकेसीएस-११ (टोकनशी बोलण्याचं प्रमाण) वर चालणारं यूएसबी डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीची किल्ली ठेवणारं उपकरण. येणाऱ्या पीडीएफवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते. साधी, सर्टिफाय केलेली (पुढच्या बदलांवर मर्यादा घालणारी) नाही. पहिल्या पानावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का हवा, आणि मूळ सही वैध राहायला हवी.

पायहांकोची 'स्टॅम्प' कमांड इथे निरुपयोगी, कारण ती पानाच्या मजकुरातच भर घालते आणि मग आधीची सही तपासणीत नापास होते. म्हणून शिक्का आमच्याच सहीच्या चौकटीत घेतला: 'साइन ॲडसिग', फील्ड १/३८०,७४०,५६०,८२०/आवक (पान/चौकटीची जागा/नाव), शैली यमल या सेटिंग्जच्या फाइलमधून. दोन्ही सह्या वैध दिसतात. कूरियर या आपोआप येणाऱ्या फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे पायहांकोचा ओपनटाइप एक्स्ट्रा (जास्तीचा भाग) टाकून नोटो सान्स देवनागरी फाँट जोडला. जोडाक्षरंही नीट येतात.

अडलंय क्रमांकापाशी. स्टॅम्प-टेक्स्टमध्ये (शैलीतला शिक्क्याचा मजकूर) सही करणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप भरली जाते, पण क्रमांक दर फाइलला वेगळा. प्रत्येक फाइलसाठी नवी यमल बनवून 'कॉन्फिग'ने देता येते, पण टोकनची पिन त्यात उघडी ठेवायची नाही आणि दरवेळी टाइपही करायची नाही.

कमांड लाइनवरूनच असा मजकूर देण्याची सोय आहे का, की पायथनमध्ये एकच टोकन सेशन उघडं ठेवून 'अपिअरन्स टेक्स्ट पॅराम्स' (सही करताना शिक्क्याचा मजकूर देण्याची सोय) वापरणं हाच मार्ग?