मदत हवी आहे: क्रोशाचा क्लच अर्धाच फुगतोय, आणि मूठ लोंबतेय

जाईची_वेल

आत्याच्या साठीला क्रोशाचा क्लच द्यायचा घाट घातलाय. कार्यक्रम सतरा दिवसांवर आलाय आणि मी तिसऱ्यांदा उसवायच्या बेतात आहे, म्हणून हा धागा. (खरा धागा तर सोफ्यावर गुंता होऊन पडलाय.)

माप असं: रुंदी 25 सेंमी, उंची 16. समोरचा भाग, मागचा भाग आणि 10 सेंमीचं झाकण असं सगळं एकाच पट्टीत विणायचं, म्हणजे एकूण 42 सेंमी लांब. दोरा 8 प्लाय कॉटन, सुई 3.5 मिमी, एका ओळीत 45 मुके खांब (क्रोशाचा सगळ्यात साधा, बुटका टाका). मध्ये मध्ये बॉबल, म्हणजे एकाच टाक्यात पाच अर्धवट खांब घालून शेवटी सगळे एकदम बंद करायचे. दोन बॉबलमध्ये तीन मुके खांब. बॉबलच्या ओळीनंतर साध्या मुक्या खांबांच्या दोन ओळी, मग पुन्हा बॉबल.

अडचणी:

एक, अर्धे बॉबल बाहेर छान टपोरे येतात आणि अर्धे आतल्या बाजूला फुगतात. हात एकच, दोरा एकच!

दोन, पट्टी वर वर निमुळती होत चाललीय. काल मोजलं तर 45 चे 41 झाले होते.

तीन, मनगटात अडकवायची मूठ. पाच मुके खांब रुंद पट्टी विणली, 30 सेंमी. नमुना म्हणून फोन आणि किल्ल्या घालून दाराच्या कडीला रात्रभर लटकवलं. सकाळी 34 सेंमी.

अस्तर खणाचं करायचंय. आत्याच्याच एका जुन्या खणाच्या साडीचा धड असलेला तुकडा आहे, त्याला हात लावायची भीती वाटते. अस्तर मी आयुष्यात कशालाच लावलेलं नाही.

थंडगार

नमुना ब्रिटिश आहे का बघ. मी इकडे इंग्लंडमध्ये पहिलं वर्ष याच घोळात घालवलं. इथल्या पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे पूर्ण खांब, मुक्यापेक्षा उंच. बॉबलच्या शेजारी पूर्ण खांब आले तर बॉबल त्यांच्यात बुडून जातो, उठून दिसत नाही.

जाईची_वेल

नाही हो, मुकेच खांब आहेत, नीट बघितलं. आणि सगळेच बॉबल बुडत नाहीत ना, एक ओळ सोडून एक.

उसवाउसवी

एक ओळ सोडून एक म्हणालीस तिथेच उत्तर आहे. बॉबल नेहमी आपल्यापासून लांब, पलीकडच्या बाजूला फुगतो. म्हणजे तू उलटी बाजू समोर धरून विणत असशील तेव्हाच तो सुलट बाजूला येणार. तुझी बॉबलची ओळ दुसरी, मग मध्ये दोन साध्या, की पुढची पाचवी, मग आठवी. दुसरी उलट बाजूने, पाचवी सुलट बाजूने, आठवी पुन्हा उलट. झाले ना अर्धे आत? मध्ये साध्या ओळी एकतर एकच घाल नाहीतर तीन. दोन घालायच्या नाहीत.

एकच घाल असं मी म्हणेन, पोत दाट येतो. 45 टाक्यांत बरोबर बसतं. पहिल्या बॉबल-ओळीत दोन मुके, बॉबल, मग तीन मुके एक बॉबल असं करत शेवटी दोन मुके: अकरा बॉबल. पुढच्या बॉबल-ओळीत सुरुवातीला आणि शेवटी चार चार मुके: दहा बॉबल, आणि ते आधीच्यांच्या बरोबर मधे येतात. अकरा-दहा-अकरा-दहा. आकडा चुकला की त्याच ओळीत कळतं, 41 होईपर्यंत वाट बघावी लागत नाही.

टाके कमी होतायत ते कडेला. वळताना जी एक साखळी घालतेस ती टाका म्हणून मोजायची नाही, पहिला मुका खांब अगदी कडेच्या पहिल्या टाक्यातच घालायचा. तो सुटत असणार. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेव. मी वीस वर्षं विणतेय, अजून अडकवते.

पेठेतली

मुठीबद्दल मी सांगते. विणलेली पट्टी वजनाने लांबणारच, तिचा स्वभावच तो. मूठ दिसायला क्रोशाची ठेवायची, वजन मात्र दुसऱ्याने उचलायचं. परकराची चपटी सुती नाडी घे. धुऊन, इस्त्री करून घे, म्हणजे नंतर आटणार नाही. मुठीच्या मागच्या बाजूला ती पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक टाक्यांनी शिवायची, पट्टी न ताणता. मग ठरवलेल्या मापापुढे मूठ जाऊच शकत नाही.

दुसरं, मुठीची टोकं क्रोशाच्या कडेला नुसती टाचू नकोस, तिथले टाके ओढले जाऊन भोक पडतं. नाडीची टोकं चार सेंमी लांब ठेव, क्रोशा आणि अस्तर यांच्यामध्ये खाली सोड आणि अस्तराच्या शिलाईत पक्की पकड.

जाईची_वेल

नाडी! घरात तीन पडल्यात. आणि अस्तर?

पेठेतली

अस्तर कागदावरच्या 25 × 42 वरून कापू नकोस. आधी विणून पूर्ण कर, ओलं करून उशीवर टाचण्या लावून सरळ वाळव, मग मोज. शिवून तयार झालेलं अस्तर क्रोशापेक्षा अर्धा सेंमी लहानच हवं, वर शिलाईला चहूबाजूंनी दीड सेंमी. मोठं झालं तर आत चुण्या पडतात आणि किल्ल्यांचं सगळं वजन क्रोशावर येतं. लहान असलं की अस्तर ताणलेलं राहतं आणि ओझं तेच धरतं.

खणाचे कापलेल्या कडेचे धागे सुटतात. म्हणून कापायच्या आधीच मागून पातळ फ्यूजिंग (एका बाजूला गोंद असलेलं कापड) इस्त्रीने चिकटव. बकरम नको, एकदा धुतलं की त्याची खळ निघून फडकं होतं. जुनी साडी आहे तर रंग आधीच गेला असेल, तरी कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघ. आणि काठ वाया घालवू नकोस! समोरच्या भागाच्या तोंडाशी येईल असा ठेव. काठाची कड विणलेलीच असते, दुमडायला नको, आणि झाकण उघडलं की पहिला तोच दिसतो.

अस्तर आधी कच्च्या टाक्यांनी चारही बाजूंनी धर, मग क्रोशाच्या शेवटच्या टाक्यांच्या मागच्या दोऱ्यातून हेम घाल, म्हणजे बारीक, न दिसणारे टाके. बाजू नंतर जोडायच्या. मॅग्नेट बटण लावणार असशील तर ते अस्तराच्या आधी. समोरच्या भागाचे पाय टाक्यांमधून घालायचे, क्रोशा कापायचा नाही, मागे फेल्टचा तुकडा. झाकणावरचा जोडीदार अस्तराला. पुण्यात बोहरी आळीत मिळतात, 18 मिमीचं घे.

जाईची_वेल

नऊ दिवसांनी आले. अकरा-दहा-अकरा-दहा केलं, सगळे बॉबल बाहेर! कडा सरळ, 45 चे 45. नाडी लावून मूठ पुन्हा रात्रभर लटकवली, 30 ची 30. खण कापताना हात थरथरला, पण काठ बरोबर तोंडाशी बसलाय. आईला दाखवलं तर ती क्लचकडे बघायच्या आधी म्हणाली, "ही वन्संची मंगळागौरीची साडी ना?"

आता नवीन रडगाणं. मॅग्नेट लागत नाही. झाकणाच्या खाली समोरच्या भागावरही बॉबल आहेत, ते झाकण उचलून धरतात. दोन्ही चकत्यांमध्ये बोटभर फट राहते. आठ दिवस उरलेत, समोरचा भाग उसवू?

उसवाउसवी

उसवू नकोस! समोरचा भाग तुझी सुरुवात आहे, तिकडून उसवत येत नाही, सगळंच जाईल. चूक माझी, झाकणाखालच्या ओळी साध्या ठेव हे मी आधी सांगायला हवं होतं.

मॅग्नेट काढून टाक. समोर, झाकणाची कड जिथे येते त्याच्या जरा खाली, एक लाकडी बटण लाव, मागून फेल्टसकट. झाकणाच्या कडेच्या मधल्या, म्हणजे तेविसाव्या टाक्यातून बारा साखळ्यांची लूप काढ आणि त्याच टाक्यात परत बंद कर. साखळीवरून एकदा स्लिप स्टिच (दोरा नुसता ओढून घ्यायचा चपटा टाका) फिरव, लूप ताणत नाही. बारा पुरतात का ते बटण हातात आल्यावरच ठरव.

पेठेतली

आणि मॅग्नेटचे पाय निघाले की तिथे टाके पसरलेले दिसतील. सुईच्या टोकाने आजूबाजूचा दोरा थोडा थोडा ओढून घे, ओला हात फिरव, बसतील. झाकणाच्या अस्तरात भोकं राहिली असतील तर त्यावर साडीच्याच उरलेल्या खणाचा एक छोटा चौकोन शिवून टाक.