पीडित-अपराधी भेट: श्रद्धेची जागा कुठे?

प्रश्न (वाटसरू): कॅनडात मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेतून पीडित आणि अपराधी यांची समोरासमोर भेट घडवण्याचं काम सुरू झालं. ते नेमकं कसं चालतं? श्रद्धा नसलेला किंवा वेगळ्या धर्माचा पीडित असेल तर?

मध्यस्थ: 1974 साली ऑन्टारिओतल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. मार्क यान्त्झी हा प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या अपराध्यांवर लक्ष ठेवणारा), स्वतः मेनोनाइट. त्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी पोरांना नुकसान झालेल्यांच्या दारोदार पाठवलं आणि नंतर भरपाई द्यायला लावली.

आज थेट दारात कुणी जात नाही. मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळं भेटतो. अपराध्याला गुन्हाच कबूल नसेल तर गाडी तिथेच थांबते. भेटीत काय घडलं, कुणाला काय सोसावं लागलं, मग भरपाई, हाच क्रम. रक्कम आणि मुदत कागदावर हवीच. ‘जमेल तसं देतो’ म्हणजे नवं भांडण.

शेवंता: सगळं फिसकटतं ते क्षमेवरून. भाविक मध्यस्थ नकळत ‘माफ करून टाका’ म्हणतो आणि पीडितावर दुसरा अन्याय होतो. प्रार्थनेने सुरुवातही नको, पीडिताने मागितली तरच, आणि तीही दुसऱ्याला चालत असेल तर. श्रद्धेने मध्यस्थाला टिकून राहायचं बळ द्यावं, बैठकीचा अजेंडा नव्हे.

मध्यस्थ: सहमत. आणि घरगुती हिंसेत ही पद्धत सरसकट लावू नका, धाकाखालची संमती ओळखणं फार अवघड.