पहिलीच १६० किमीची चॅरिटी राइड. पूर्ण नाही झाली तर देणगी देणाऱ्यांना काय सांगू?

निशिगंध

नमस्कार मंडळी. दहा आठवड्यांनी होणाऱ्या एका मोठ्या चॅरिटी राइडमध्ये १६० किमीसाठी नाव दिलंय. कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी उभारतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले. आता ती बरी आहे, कामावरही जाते. पण केमोच्या दिवसांत तिच्या शेजारी बसून ठिबकणारं औषध बघत राहण्यापलीकडे माझ्या हातात काहीच नव्हतं. नाव नोंदवलं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, आपणही काहीतरी करतोय.

वय ४४. सायकल हायब्रिड, सरळ हँडलची. तीन वर्षं चालवतेय, पण आजवरची सर्वात लांब राइड ७० किमीची, आणि त्या दिवशी जिना चढताना कठडा धरावा लागला होता. सपाटीला वेग २० च्या आसपास पडतो. आयोजकांची मुदत १० तासांची आहे.

दहा आठवडे पुरतील का, हा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे ४० किमीनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. उतरून हात झटकले की बरं वाटतं, पुन्हा दहा किमीत तेच. हजारो लोकांच्या गर्दीत सायकल कधी चालवलेली नाही, त्याचीही धास्ती आहे.

आणि झोप उडवणारा प्रश्न असा: ६१ जणांनी माझ्या नावावर देणगी दिलीय किंवा कबूल केलीय. त्यातल्या १४ जणांनी 'दर किलोमीटरमागे अमुक' असं सांगितलंय. मी १२० ला थांबले तर या माणसांना कोणत्या तोंडाने सांगू?

चढउतार

दहा आठवडे पुरतात, कारण ७० चा पाया आहे. आठवड्यातून एकच लांब राइड वाढवत न्यायची: ८०, ९०, मग एक आठवडा ६० वर उतरायचं. पुन्हा १००, ११०, पुन्हा एक हलका आठवडा, मग १२० आणि १३०. उरलेले दोन आठवडे कमी करत जायचं. अधल्यामधल्या दिवशी तासा-तासाच्या दोन राइड, त्यातली एक चढाची. सरावात १६० करून बघायचा मोह टाळा. १३० पोटात असेल तर पुढचे ३० त्या दिवशीच्या वातावरणात निघतात.

वेळेचं गणित: २० च्या वेगाने १६० म्हणजे ८ तास. हाती उरतात २. थांबा दहा मिनिटांचा धरला तर पाच थांब्यांना ५० मिनिटं. म्हणजे वेळ आहे, फक्त थांब्यांवर गप्पांत घालवू नका. वेळ तिथेच जातो, रस्त्यावर नाही.

मागचं_चाक

निशिगंधताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहायला बसले. अशा चार राइड मी केल्यात आणि दोन वर्षं स्वीप गाडीत स्वयंसेवक होते. सर्वात मागून येते आणि थांबलेल्यांना उचलते ती गाडी. त्यामुळे माणसं कुठे आणि कशाने थांबतात, हे मी खिडकीतून नाही, त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय.

पाय गेले म्हणून थांबणारे फार थोडे. बहुतेक जण पोट, हात, बूड, मान यांपायी थांबतात. आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं बिघडायला पहिल्या ३० किमीत सुरुवात झालेली असते.

एक गृहस्थ डोळ्यांसमोर आहेत. ११८ किमीच्या खुणेजवळ रस्त्याकडेला बसले होते, सायकल गवतात आडवी. दोन बाटल्यांपैकी एक तशीच भरलेली. शर्टाच्या मागच्या खिशातली दोन केळी दिवसभर तिथेच राहून काळी पडून चिकटली होती. मी विचारलं, शेवटचं कधी खाल्लंत? म्हणाले, "सकाळी निघताना." सुरुवातीला गर्दी वेगात होती, एका गटाच्या मागे लागले, ३० चा वेग सहज निघत होता, मग खायला हात कशाला सोडायचा. गटाच्या मागे वारा अडतो, त्या वेगाला मेहनत पाव ते एक तृतीयांश कमी लागते, म्हणून ते सोपं वाटतं. पण आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा दहाने जास्त ते दहाने जास्तच. भूक लागली तेव्हा पोट काही घ्यायला तयार नव्हतं. जोरात मेहनत चालू असताना रक्त पायांकडे जातं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि त्यात एकदम भरपूर खाल्लं की मळमळतं. त्यांचं तेच झालं होतं.

म्हणून पहिली गोष्ट: पहिला तास असा चालवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. लोक पुढे जातील, जाऊ द्या. आणि पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला लागा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे नेहमीचं माप आहे. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे तासाला दोन केळी किंवा तेवढंच दुसरं काही. थोडंथोडं, दर वीस मिनिटांनी. जे खाणार ते सरावाच्या लांब राइडला खाऊन बघा. त्या दिवशी थांब्यावर नवीन दिसलं म्हणून उचलू नका.

आता बोटं. करंगळी आणि अनामिका, तीही दोन्ही हातांची, म्हणजे अल्नर नस दबतेय. ती तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने, मनगटाजवळच्या उंचवट्यापाशी अगदी वरवरून जाते आणि हँडलवर नेमका भार तिथेच येतो. ग्लोव्ह्ज जाड करून थोडा फरक पडेल, पण आधी सीट बघा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अख्खं शरीर पुढे घसरतं आणि हात त्याला थोपवत बसतात. माझ्या सायकलीचं तेच होतं. सीटवर पुस्तक ठेवून त्यावर फोनमधली लेव्हल लावली तेव्हा दिसलं, नाक तीन अंश खाली. बोल्ट सैल करून सपाट केलं आणि पुढच्याच राइडला हातांवरचं ओझं उतरलं. उंचीही तपासा: टाच पेडलवर ठेवून पेडल तळाशी नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर न कलता. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्याला थोडा बाक राहतो. तरीही राहिलं तर हँडल जवळ आणि वर आणावं लागेल. सरळ हँडलवर पकड बदलायला जागा नसते, त्यामुळे टोकांना बार-एंड, म्हणजे धरायला छोटे आडवे दांडे, लावून घ्या आणि मनगट मागे मुडपू देऊ नका. राइड संपल्यावरही बधिरपणा तासन्‌तास राहत असेल किंवा चिमटीतला जोर कमी वाटत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पॅडच्या शॉर्ट्सखाली दुसरं काही घालायचं नाही. शिवण घासते आणि ८० नंतर तीच शिवण सालटं काढते.

आता पैशांचं. ११८ वाल्या त्या गृहस्थांनी गाडीत बसल्यावर पाणी मागितलं नाही. पहिलं वाक्य होतं, "आता लोकांना काय सांगू?" तुमचंच वाक्य. त्यांनी आईसाठी निधी जमवला होता. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, त्यांची बाटली उघडून हातात दिली एवढंच. नंतर विचार केला तो असा.

तुमच्या ६१ पैकी ४७ जणांनी राइडच्या नावाने दिलंय, अंतराच्या नावाने नाही. ते पैसे दिल्या क्षणीच कामाला लागले. १४ जणांनी किलोमीटरमागे कबूल केलंय, त्यांचं १२० गुणिले करा आणि तेवढंच सांगा. त्यातले निम्मे तरी १६० चेच देतात, हे मी माझ्या स्वतःच्या यादीत पाहिलंय. मी एका वर्षी १४१ ला थांबले होते. पावसात उतारावर एकाने एकदम ब्रेक मारला, मी त्यांना चुकवायला गेले आणि चाक दुमडलं.

एकच खात्री आधी करून घ्या: नियमावलीत किमान निधीची अट आहे का? काही राइडमध्ये ठरावीक रक्कम जमली नाही तर उरलेली भाग घेणाऱ्याने स्वतः भरायची असते. अमेरिकेतल्या पॅन-मास चॅलेंजमध्ये तशी अट आहे. त्या राइडची सुरुवात मला फार धीर देते. १९८० साली बिली स्टार या माणसाने, कर्करोगाने आई गेल्यावर, ३६ जणांना घेऊन स्प्रिंगफील्डहून प्रोव्हिन्सटाउनपर्यंत सायकल चालवली. त्या वर्षी १०,२०० डॉलर जमले. आजवर त्या राइडने डॅना-फार्बर कर्करोग संस्थेला एक अब्ज डॉलरहून जास्त दिलेत. तिथे किमान रकमेची अट असते ती पैशांना. अमुक वेळात अमुक किलोमीटर, अशी नाही.

चढावर उतरून चालायची लाज वाटत असेल तर तीही सोडा. लंडन ते ब्रायटन राइड ५४ मैलांची, म्हणजे ८७ किमीची. शेवटच्या टप्प्यात डिचलिंग बीकनचा चढ येतो, आणि तिथे सायकल हातात धरून चालणाऱ्यांची रांगच लागते. वर पोचल्यावर सगळे पुन्हा बसतात. पदक सगळ्यांना तेच.

आरपार

पाण्याचं कोणी लिहिलं नाही. तासाला एक लिटर ठरवून प्यायचं, तहान असो नसो. तहान लागली म्हणजे उशीर झाला.

पहाटवारा

आरपार, तुमची कळकळ समजते, पण यावर आडवं बोलावं लागेल. मी राइडच्या वैद्यकीय तंबूत परिचारिका म्हणून काम करते. ठरवून जास्त पिण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच, कधीकधी त्याहून घातक असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं होतं. १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं त्यांना धोका जास्त. हळू आणि बराच वेळ चालणाऱ्यांना हे जास्त होतं, कारण प्यायला वेळ भरपूर मिळतो.

तहानेनुसार घोट घ्या. सरावात घरून निघताना आणि परतल्यावर वजन करा. थोडं कमी भरलं तर ठीक, वाढलं असेल तर नक्कीच जास्त पिताय. राइडमध्ये डोकं दुखतंय, मळमळतंय, अंगठी बोटात घट्ट बसलीय, बोलणं असंबद्ध होतंय, आणि पाणी भरपूर झालंय, असं असेल तर आणखी पाणी देऊ नका, आम्हाला बोलवा.

आरपार

हे माहीत नव्हतं. मी सायकलीवरच्या मित्रांनाही हेच सांगत आलोय. आजच त्यांना कळवतो. धन्यवाद ताई.

चढउतार

गर्दीबद्दल राहिलं. सुरुवात तुकड्या-तुकड्यांनी होते, तुमच्या वेगाच्या तुकडीतच उभ्या राहा. पुढच्याच्या चाकावर नजर खिळवू नका, त्याच्या खांद्यापलीकडे बघा. पुढच्या माणसाच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक येऊ देऊ नका. ती दोन चाकं एकमेकांना टेकली की मागचा पडतो, पुढचा नाही. थांबायचं असेल तर आधी हात करा, तोंडाने सांगा, कडेला या, मग ब्रेक. खड्डा दिसला की बोट दाखवून मागच्याला कळवा. आत्तापासून रविवारी पाच-सहा जणांसोबत चालवायला लागा, दोनदा केलंत तरी धास्ती जाते.

आणि पंक्चर स्वतः काढायला शिका, तेही मागच्या चाकाचं. दोन ट्यूब जवळ ठेवा. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर दुसरीही जाते.

निशिगंध

चार आठवड्यांनी लिहितेय. सीटचं नाक खरंच खाली होतं. सपाट केलं, बार-एंड लावले. काल १०० झाले. बोटं ७५ नंतर जड झाली, पण बधिर नाही. जिना कठड्याशिवाय चढले.

नियमावली वाचली, किमान रकमेची अट आहे आणि ती आधीच पूर्ण झालीय. १४ जणांना एकेकटं लिहिलं की जेवढे किलोमीटर होतील तेवढेच सांगेन. अकरा जणांनी उत्तर दिलं. माझ्या जुन्या शिक्षिकांनी लिहिलंय, "मी १६० चे भरून टाकलेत. तू सावकाश ये."

बहिणीला या धाग्यातलं ११८ किमीचं वाचून दाखवलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली की १२० चा थांबा आहे तिथे ती स्वयंसेवक म्हणून नाव देतेय. काल आयोजकांचा तिला होकार आला. केळी सोलून ठेवायचं काम मिळालंय.

मागचं_चाक

ताई, त्या दिवशी मी पुन्हा स्वीप गाडीत आहे. १२० च्या थांब्यावर आमची गाडी सर्वात शेवटी पोचेल. तुम्ही तोवर तिथून निघून गेलेल्या असाल, तर बहिणीला भेटेन. नसाल, तर मागच्या सीटवर जागा राखून ठेवते.