मदत हवी आहे: दुखत काहीच नाही, पण सांध्यांच्या सोनोग्राफीत डॉपलर 2 आणि इरोजन (हाडाला खाच)

आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांध्यांना सूज आणणारा संधिवात) आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक ॲसिड. सध्या तब्येत छान आहे. सकाळी बोटं आखडत नाहीत, ईएसआर-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल, डीएएस28 (28 सांधे तपासून काढलेला आजाराच्या जोराचा आकडा) सुद्धा 2.6 च्या खाली, म्हणजे रेमिशन, आजार शांत. आता गोळ्या कमी करता येतील का, असं आम्ही विचारलं म्हणून डॉक्टरांनी हातापायांची सोनोग्राफी करायला सांगितली, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

रिपोर्ट असा: उजव्या तर्जनीच्या मुळाचा सांधा ग्रे-स्केल 2, डॉपलर 0. डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाचा सांधा ग्रे-स्केल 2, डॉपलर 2, शिवाय लहान इरोजन. तपासताना मी स्क्रीनकडेच बघत होते. तर्जनीत सगळं करडं होतं, पण करंगळीच्या सांध्यावर केशरी ठिपके लुकलुकत होते. आई म्हणते, "तिथे तर मला काहीच होत नाही!"

डॉक्टरांची पुढची भेट लांब आहे. तोवर कुणी सांगेल का, की हाड आत्ता झिजतंय की हे जुनंच आहे? आणि हाताच्या सांध्याचीही काळजी करायची का?

प्रतिसाद 1
ग्रे-स्केल आणि डॉपलर दोन्ही 0 ते 3 असे मोजतात, पण अर्थ वेगळा. ग्रे-स्केलमध्ये सांध्याचं अस्तर किती जाड झालंय ते दिसतं. जुनी सूज ओसरल्यावरही ते जाड राहू शकतं, त्यामुळे तर्जनीचं मी फार मनावर घेणार नाही. डॉपलरमध्ये त्या अस्तरातला रक्तप्रवाह दिसतो, म्हणजे आत्ताची धग. पायात ती आहे. डीएएस28 च्या 28 सांध्यांत पावलं धरलेलीच नाहीत, म्हणून तो आकडा चांगला येऊनही हे सुटू शकतं.

इरोजनचं वय एका सोनोग्राफीवरून सांगता येत नाही. एक्स-रेत न दिसणारी बारीक खाचही सोनोग्राफीत दिसते, त्यामुळे "आधी नव्हतं, आता आलं" असं लगेच म्हणू नका. मात्र त्याच सांध्यात डॉपलर 2 असेल तर खाच वाढण्याची भीती खरी आहे.

पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडून करा. प्रोब (सांध्यावर फिरवतात तो मशीनचा भाग) जरा जोरात दाबला तरी ठिपके गायब होतात. हात गार असले किंवा सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी घेतलेली असली तरीही सिग्नल कमी दिसू शकतो. गोळी घेतली असेल तर तपासणाऱ्याला आधी सांगा.

प्रतिसाद 2
ताई, घाबरून डोस वाढवायच्या मागे लागू नका. नॉर्वेतल्या आर्क्टिक चाचणीत (2016) नव्याने आजार झालेल्यांचं औषध एका गटात सोनोग्राफीही बघून ठरवलं, दुसऱ्यात नेहमीच्या तपासणीवर. सोनोग्राफीच्या गटाचा म्हणावा तसा फायदा झाला नाही. पण तुमचा प्रश्न औषध कमी करण्याचा आहे, आणि तिथे मी हात आखडता घेईन. त्याच मंडळींनी 2021 मध्ये रेमिशनमधल्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. डोस निम्मा केलेल्यांत वर्षभरात 25 टक्क्यांचा आजार उसळला, डोस तसाच ठेवलेल्यांत 6 टक्क्यांचा. डॉपलर 2 दिसत असताना गोळी कमी करायची घाई कशाला?

धागाकर्ती
दोघांचेही आभार. गोळ्या कमी करायचा विषय तूर्त बाजूला ठेवला. पायाचे जुने एक्स-रे शोधून भेटीला घेऊन जाते. अजून एक विचारते: एकाच सांध्यात धग असेल तर सोनोग्राफीत बघून तिथेच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात म्हणे. पायाच्या इतक्या लहान सांध्यात कुणी घेतलंय का?