अडिंक्रा चिन्हांवरनं केलेली लिपी खरी लिपी म्हणायची का?

रंकाळ्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, अप्लाइड आर्टचं शेवटचं वर्ष चालू आहे. टायपोग्राफीच्या प्रोजेक्टला घानातली अडिंक्रा चिन्हं घेतलीत, अकान लोकं कापडावर ठसे मारतात ती. मागं वळून बघणारा सांकोफा पक्षी, मेंढ्याची शिंगं, एकाच पोटाच्या दोन मगरी, बऱ्याच चिन्हांमागं एकेक म्हण. शोधताना कळलं की २०१५ मध्ये चार्ल्स कोरांक्ये यांनी ह्यातनंच अक्षरमाला तयार केली, अडिंक्रा न्क्येआ, ३९ अक्षरं, १० अंक, वर पूर्णविराम, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्ह. आमचे सर म्हणतात ही सजावट आहे, लिपी नव्हे. मला पटत नाही पण उत्तर देता येईना. आणि अख्खी म्हण मावते ते चिन्ह एका आवाजाला बांधलं तर म्हण जाते कुठं?

मोडीवाचक_शिवाजीपेठ:
भावा, लै चांगला प्रश्न काढलास. गुजरीत, सराफांच्या गल्लीत, जाऊन कोल्हापुरी साज नीट बघ. दशावतार, अष्टमंगल, एकेका पानाला अर्थ आहे, मासा दिसला की जाणत्या बाईला मत्स्यावतार कळतो. पण त्या पानांनी "उद्या दुपारी येतो, जेवण ठेवा" एवढं लिहून दाखव बघू. नाही जमत. आधी कुणीच न बोललेलं वाक्यसुद्धा जशाच्या तसं उतरवता आलं की ती लिपी. ह्या हिशोबानं कापडावरची जुनी चिन्हं लिपी नव्हती, पण न्क्येआ आहे, तिथं सरांचं चुकतंय.

आणि चिन्हाचा आवाज होणं नवीन नाही. इजिप्तच्या चित्रलिपीतलं बैलाचं डोकं सिनाईकडच्या सेमिटिक लोकांनी उचललं, त्यांच्या भाषेत बैल म्हणजे आलेफ म्हणून त्याचा पहिला आवाज धरला, तेच फिनिशियन, ग्रीक असं फिरत रोमनचं ए झालं. आज ए लिहिताना बैल कुणाला आठवतो? अडिंक्राचं तसं होणार नाही असं मला वाटतं, कारण इथं मूळ चिन्ह अजून कापडावर रोज छापलं जातंय, म्हण तिथंच राहते, अक्षरात फक्त आकार येतो.

टेमाहून_शिरोली:
मी फौंड्रीवाला, काही वर्षं घानात टेमाला नोकरी केली. कुमासीजवळ न्तोन्सो म्हणून गाव आहे, अडिंक्रा कापडाचं. ठसे वाळक्या भोपळ्याच्या कवटीत कोरतात, मागं काड्यांची मूठ. बादिए झाडाची साल भिजवून, कुटून, तासनतास उकळून काळा रंग काढतात. जुन्या पद्धतीत त्यात लोखंडाचा स्लॅग म्हणजे मळी घालायचे, हे ऐकून तर मी हरखलोच. आधी फणीनं रेघा ओढून चौकटी पाडायच्या मग ठसे. काळं नाहीतर गडद तांबडं कापड मयताला नेसतात. ब्रिटिश म्युझियममधलं सगळ्यात जुनं अडिंक्रा कापड १८१७ चं, बाउडिच नावाच्या इंग्रजानं कुमासीतनं नेलेलं.

आता लिपीचं. ग्ये न्यामे हे चिन्ह दुकानं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या सगळीकडं. पण अकान लोकांची ट्वी भाषा पाटीवर, बायबलात, मोबाईलवर रोमनमध्येच, त्यात दोन जादा स्वर, उलट्या ३ सारखा एक आणि उलट्या सी सारखा एक. न्क्येआत लिहिलेली पाटी मला तरी दिसली नाही.

फॉन्टवाली:
तेच तर खरं दुखणं आहे. सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मांदिंग भाषांसाठी न्को लिपी काढली आणि पुस्तकांमागं पुस्तकं लिहिली, म्हणून ती टिकली. गिनीतल्या दोन भावांनी शाळकरी वयात फुला भाषेसाठी अदलाम काढली, लोकांना हातानं उतरवून दिली, २०१६ ला ती युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या यादीत, आली. आपली मोडी २०१४ ला आली. न्क्येआला तिथं जागा नाही, म्हणजे फॉन्ट दुसऱ्याच अक्षरांच्या जागी बसवावा लागतो, मजकूर कॉपी करून दुसरीकडं टाकला की भलतंच दिसतं.

पण डिझायनर म्हणून मला दुसरंच महत्त्वाचं वाटतं. ही चिन्हं ठशासाठी जन्मलीत, बरीचशी दोन्ही अंगांनी सारखी, भरीव, एका दाबात उमटणारी. लिहिणाऱ्याचा हात तसा चालत नाही, मोडीत बघ, हात उचलायला नको म्हणून अक्षरं कशी वळलीत. न्क्येआत काही चिन्हं सोपी केलीत ती ह्याचसाठी. तू एक पान बोरूनं, भरभर लिहून बघ. कुठली अक्षरं एकमेकांसारखी दिसायला लागतात, कुठली दमवतात, ते टिपून ठेव, प्रोजेक्ट तिथं आहे, पोस्टर नंतर.

रंकाळ्याचा_पोरगा:
ताई, ठसा आणि बोरू हा फरक माझ्या डोक्यातच नव्हता आला, आजच बसतो. टेमावाले काका, ठशांचे फोटो असतील तर टाकाल का, मुठीच्या बाजूनं पण पाहिजेत. आणि मोडीकाका, भरभर लिहिलेलं जुनं पत्र एखादं बघायला मिळेल का, मी पेठेत येतो, फक्त वेळ सांगा.