नोकरीवर परतल्यावर अंगावरचं दूध कसं चालू ठेवायचं?

पिहूची आई, कल्याण

माझी लेक गुरुवारी सात महिन्यांची होईल. २६ आठवड्यांची रजा आणि शिल्लक असलेल्या थोड्या सुट्ट्या संपवून पंधरा दिवसांपूर्वी मी कामावर रुजू झाले. घर कल्याणला, ऑफिस भायखळ्याला. सकाळी सव्वासातला बाहेर पडते, परतायला पावणेआठ होतात. दिवसभर पिहू सासूबाईंजवळ असते. त्या तिला इतकं जपतात की त्या बाबतीत मला घोर नाही. उष्टावण झालंय. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व असं चमचा-चमचा खाते.

प्रश्न माझ्या दुधाचा आहे. अकरा वाजेपर्यंत छाती दगडासारखी होते, काखेपर्यंत ठणकते. ऑफिसात बसायला आडोसा नाही. बाथरूममध्ये जाऊन हाताने दूध काढते आणि बेसिनमध्ये सोडून देते. परवा नळ सोडायला हात गेला आणि तसाच थांबला. ते दूध जाळीभोवती गोल फिरत खाली गेलं. त्याच वेळी घरी ती पावडरचं दूध पीत असणार, हे मनात आलं आणि मला रडू आवरेना. लोकलमध्ये तर कुणाचंही बाळ रडलं की मला पान्हा फुटतो. ओढणी छातीशी धरून डोंबिवली ते कल्याण उभी राहते.

घरी सगळे मायेनेच सांगतात, "सहा महिने पाजलंस, आता तुझी ओढाताण नको." पण संध्याकाळी माझी चप्पल दारात वाजली की ती आजीच्या कडेवरून झेप टाकते. मला हातपाय धुवेपर्यंत धीर धरत नाही. पिताना मंगळसूत्राची वाटी मुठीत धरते आणि मधेच तोंड सोडून माझ्याकडे बघून हसते. हे मला इतक्यात सोडायचं नाही. दूध काढून ठेवलेलं किती टिकतं? प्रवासात कसं न्यायचं? तिला बाटलीची सवय लावायची नाहीये.

सुलभा, नाशिक

अगं, आधी डोळे पूस. मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे, असं रडू रोज बघते.

साबणाने हात धुऊन, उकळलेल्या आणि कोरड्या केलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत दूध काढ. फार गरम नसलेल्या खोलीत ते चार तास चांगलं राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र मी चार तासांचाही भरवसा धरत नाही, लगेच फ्रिजमध्ये ठेवायला सांगते. फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. पण दाराच्या कप्प्यात ठेवू नकोस, मागच्या बाजूला ठेव. थंडावा धरणाऱ्या पिशवीत गोठवलेले बर्फाचे पॅक असतील तर कल्याणपर्यंतच्या प्रवासाची चिंता नाही. घरी डबी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची. गॅसवर तापवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. वर साय आल्यासारखा थर दिसला की लोक नासलं समजून ओततात. ते स्निग्ध असतं, हलकेच फिरवलं की मिसळतं. पिऊन उरलेलं मात्र पुन्हा ठेवायचं नाही.

काढलेल्या दुधात सत्त्व नसतं, असं कुणी म्हणालं तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाची गोष्ट सांग. तिथे १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. आयांनी काढून दिलेल्या दुधावर अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढी बाळं वाढतात. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं आणि पुढेही पाजा म्हणते. तेव्हा "खूप झालं" असं काही नाही. छातीत गाठ लागली, ताप आला तर मात्र घरी शेकत बसू नकोस, डॉक्टरकडे जा.

रेवती, पनवेल

बाथरूममध्ये दूध काढायचं नाही! आपण तिथे बसून जेवतो का? मीही पहिला महिना तसाच काढला, म्हणून एवढ्या तळमळीने सांगते. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेळ मिळणं हा आपला हक्क आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात तो होता, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोयही द्यावी लागते. तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात. दोन ओळींचा ईमेल कर: आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, दिवसातून दोनदा वीस मिनिटं. नेमकं मागितलं की नाही म्हणणं अवघड जातं.

मंगलआजी, कोल्हापूर

मी सासूच्या बाजूनं लिहिते. सुनेनं डबी फ्रिजमध्ये ठेवलेली बघून मलाही पहिल्यांदा कसंसंच झालं होतं. तिनं मला शेजारी बसवून दाखवलं, किती कोमट करायचं, किती द्यायचं. मग ते काम माझंच झालं. बाटली नको असेल तर वाटी-चमचा आहे, नाहीतर आपलं जुनं बोंडलं, बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, आहे. रोज उकळून घ्यायचं, बाळाला मांडीवर उठतं धरायचं आणि घाई करायची नाही. सासूबाईंना परकं ठेवू नकोस, पोरी.

पिहूची आई, कल्याण

तुमच्या सगळ्यांचे उपकार. ईमेल केला, दोन दिवस पोटात गोळा होता. जुन्या फायलींच्या खोलीला आतून कडी बसवून मिळाली. पहिल्या दिवशी दोन वेळा मिळून जेमतेम ७० मिली निघालं, आता १५०च्या पुढे जातं. लेडीज डब्यात ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसते.

आजी, तुमचं ऐकलं. आईंना शेजारी बसवून सगळं दाखवलं. त्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक डबीवर चिकटपट्टी लावून त्यांनी वार लिहिलेला, आणि कपाटातून त्यांच्या मुलाचं चांदीचं बोंडलं काढून घासून ठेवलेलं. दुपारी मला रिकाम्या डबीचा फोटो पाठवला. मी जागेवर बसूनच रडले, या वेळी आनंदानं.

आता एक नवीनच. कालपासून खालचा दात वर दिसतोय आणि पिताना ती करकचून चावते. ओरडले तर दचकून रडायला लागते. तुम्ही काय केलंत?